विश्लेषण : पुलांचे बेअरिंग बदलताना भूकंपाचाही विचार का हवा?

दक्षिण मुंबईतून निघालेला पूर्व मुक्त मार्ग गोवंडीत येऊन उतरतो. तिथूनच घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याचा उड्डाणपूल जातो आणि थोड्याच अंतरावर वाशीच्या खाडीपुलांकडे नेणारा शीव-पनवेल महामार्ग आहे. या पुलांची चर्चा होते ती खड्डे, कोंडी आणि अपघातांमुळे. जमीन हलली तर हे पूल काय करतील, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जुन्या पुलांना भूकंपासाठी बळकट करण्याच्या पद्धती आता जगभर रुळल्या आहेत. त्या कोणत्या आणि मुंबईत त्यांची सुरुवात कुठून होऊ शकते, याचा हा आढावा.

गोवंडीचे पूल महत्त्वाचे का?

सुमारे १७ किलोमीटरचा पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये पांजरापोळपर्यंत खुला झाला आणि २०१४ मध्ये घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याला येऊन मिळाला. त्या जोडरस्त्यावर, देवनार कचराभूमी, बैंगनवाडी आणि शिवाजीनगरच्या बाजूने जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा छत्रपती शिवाजी महाराज उड्डाणपूल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला. मुंबईत येण्याजाण्याच्या वाटा मुळातच मोजक्या आहेत. त्यातली नवी मुंबई, पुणे आणि कोकणाकडची मोठी वाहतूक याच पट्ट्यातून जाते.

भूकंपानंतरच्या पहिल्या काही तासांत शहराला सर्वाधिक गरज रस्त्याची असते. एम पूर्व विभागातील दाट वस्तीतून जखमींना गोवंडीच्या शताब्दी किंवा घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात न्यायचे असो, की पुण्याहून मदत पथके आणायची असोत, वाट या पुलांवरून किंवा त्यांच्या खालून जाते. उड्डाणपूल कोसळला तर वरचा रस्ता जातोच, पण खालचाही बंद होतो. शिवाय पुलाखाली रिक्षा थांबलेल्या असतात, हातगाड्या लागलेल्या असतात, माणसे बसलेली असतात. म्हणूनच पुलाची मजबुती हा केवळ वाहनचालकांचा विषय राहत नाही.

मुंबईला भूकंपाचा धोका आहे का?

भारतीय मानक आयएस १८९३ नुसार मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात गणली गेली आहे. या क्षेत्रासाठी मानकाने धरलेला गुणांक ०.१६ आहे. सोप्या भाषेत, मोठ्या भूकंपात जमिनीला बसणारा आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ टक्के असू शकतो, असे गृहीत धरले जाते. कच्छ पाचव्या क्षेत्रात आहे आणि तिथे हाच गुणांक ०.३६ आहे. मुंबईचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी असला, तरी हजारो टन वजनाच्या पुलाला तो क्षुल्लक नाही.

महाराष्ट्राचा अनुभवही सावध करणारा आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंपाचा मोठा धक्का बसला, तेव्हा दख्खनचे पठार भूकंपमुक्त असल्याची समजूत मोडली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी हा भाग नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ मध्ये ते पहिले क्षेत्रच रद्द झाले. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसराला नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. यावरून मुंबईत उद्या भूकंप होईल, असा निष्कर्ष निघत नाही. पण नकाशावर रंग फिकट आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हा किल्लारीचा धडा आहे.

खाडीकाठच्या जमिनीने काय फरक पडतो?

गोवंडी, देवनार, मानखुर्द हा ठाणे खाडीच्या काठचा भाग. इथे बराच ठिकाणी खडकावर खाडीच्या चिकट मातीचे थर आहेत आणि त्यावर भराव. खरवसाचे ताट हलवून थांबवले, तरी वड्या क्षणभर थरथरत राहतात. मऊ मातीचे तसेच होते. खडकातून आलेली लाट मातीत शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो.

याचे सर्वात परिचित उदाहरण अमेरिकेतील ओकलंडचे आहे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाचे केंद्र शहरापासून सुमारे ९० ते १०० किलोमीटर दूर होते. तरीही तिथला सायप्रस हा दुमजली महामार्ग पूल कोसळून ४२ जणांचा मृत्यू झाला. पुलाचा जो भाग खाडीच्या गाळावर उभा होता, तो पडला. त्याच पुलाचा घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला. पुलाखाली कोणती जमीन आहे, हे केंद्राच्या अंतराइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुलाचा पाया पाइल टाकून खडकापर्यंत नेला, म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. पाइल पुलाचे वजन खडकावर पोहोचवतात. पण मधली मऊ माती आडवी हलू लागली, की त्याच पाइल वाकवल्या जातात. त्यामुळे प्रत्येक मोठ्या पुलासाठी त्या जागेच्या मातीचा भूकंपीय अभ्यास लागतो. शहरभर एकच आकडा लावून चालत नाही.

भूकंपात पूल नेमका कुठे मोडतो?

पूल रोज वजन पेलतो ते उभ्या दिशेने. भूकंप त्याला आडवा ढकलतो. वरचा भाग जितका जड, तितका हा आडवा जोर अधिक. तो जोर तीन ठिकाणी घात करतो.

पहिले ठिकाण म्हणजे गर्डरचे टोक. खांबाच्या माथ्यावर गर्डर टेकतो ती जागा अरुंद असेल, तर खांब मागे-पुढे हलताना गर्डर सरकून खाली पडू शकतो. म्हणजे काँक्रीट मजबूत असूनही पूल पडतो.

दुसरे ठिकाण बेअरिंग. गर्डर आणि खांब यांच्या मध्ये बसवलेला हा भाग उन्हाने होणारे प्रसरण आणि वाहनांमुळे होणारी हालचाल सामावून घेतो. तो जुना होऊन गंजला, फाटला किंवा त्यात कचरा अडकला, की धक्का थेट खांबावर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात कच्छला उर्वरित गुजरातशी जोडणाऱ्या सूरजबारी पुलावर बेअरिंग आणि गर्डरना इजा झाली. मदतीची सर्वाधिक निकड असताना मुख्य वाटेवरच वाहतूक मर्यादित करावी लागली.

तिसरे ठिकाण खांब. खांबातल्या उभ्या सळया दिसायला कितीही दणकट असल्या, तरी त्यांना वेढणाऱ्या रिंगा विरळ असतील तर आतले काँक्रीट फुटून बाहेर येते आणि सळया वाकतात. जपानमधील कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी हानशिन द्रुतगती मार्गाचा ६३५ मीटरचा सलग उन्नत भाग एका बाजूला आडवा झाला. एकेरी खांबांवर उभ्या असलेल्या त्या पुलाची रचना १९६० च्या दशकातली होती. जपानसारख्या भूकंपसज्ज देशालाही जुन्या नियमांनी बांधलेल्या खांबांची किंमत मोजावी लागली.

जुना खांब बळकट कसा करतात?

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवली, की चाकाचे तुकडे जागचे हलत नाहीत. खांबाला कवच घालण्यामागे हेच तत्त्व आहे. काँक्रीटला बाहेरून आवळून धरले, तर ते तडकले तरी फुटून पडत नाही आणि खांब मोडण्याऐवजी वाकून तग धरतो.

कवच तीन प्रकारे घालतात. जुन्या खांबाभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचा थर चढवणे हा सर्वात परिचित मार्ग. तो स्वस्त आहे, पण खांब जाड होतो, वजन वाढते आणि खालचा रस्ता अरुंद होतो. दुसरा मार्ग पोलादी पत्र्याच्या कवचाचा. काम लवकर होते, पण खाडीच्या खाऱ्या हवेत पत्र्याला सतत रंग आणि देखभाल लागते. तिसरा मार्ग कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे कापड इपॉक्सीने खांबाभोवती गुंडाळण्याचा. हे कापड हलके असते, गंजत नाही, जाडी काही मिलिमीटरच वाढते आणि अवजड यंत्रांशिवाय काम होते. जिथे रस्त्याची इंचभर जागाही सोडता येत नाही, तिथे ही पद्धत सोयीची.

पण तिला मर्यादा आहेत. चिकटवणारे इपॉक्सी उष्णतेला नाजूक असते, शंभर अंश सेल्सियसच्या आतच ते मऊ पडू लागते. पुलाखाली कचरा जाळला जात असेल किंवा भट्ट्या पेटत असतील, तर कापडावर आगरोधक लेप हवाच. दुसरे म्हणजे खारट हवेने आतली सळई आधीच गंजत असेल, तर वरून गुंडाळलेले कापड तो आजार फक्त झाकते. आधी गंज काढून खराब काँक्रीट बदलायचे आणि मगच गुंडाळायचे, हा क्रम चुकवून चालत नाही. १९७३ मध्ये सुरू झालेल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलाला गंजाने लवकर ग्रासले आणि त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली, हा अनुभव याच खाडीवरचा आहे.

धक्का शोषणारे बेअरिंग म्हणजे काय?

खांब बळकट करणे म्हणजे मार सोसण्याची ताकद वाढवणे. दुसरा विचार असा, की मार कमीच बसावा. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात बिल रॉबिन्सन यांनी विकसित केलेल्या बेअरिंगमध्ये रबर आणि पोलादाचे थर एकावर एक असतात आणि मध्ये शिशाचा गाभा असतो. जमीन हलली की रबर आडवे ताणले जाते आणि शिसे मळल्यासारखे होऊन ऊर्जा जिरवते. खालचा खांब हलतो, पण वरचा डेक संथपणे डोलतो. भुजमध्ये भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या रुग्णालयाच्या इमारतीखाली हेच तंत्र वापरले गेले.

दुसरे साधन शॉक ट्रान्समिशन युनिटचे. ते मोटारीच्या सीट बेल्टसारखे वागते. हळू ओढले तर सैल राहते, झटका बसला तर अडकते. त्यामुळे रोजच्या उन्हातले प्रसरण अडत नाही. भूकंपाच्या झटक्यात मात्र सगळे खांब एकत्र भार उचलतात, एकाच खांबावर तो येत नाही.

इथेही मऊ जमिनीचा मुद्दा येतो. डोलण्याची गती संथ करणे हे अशा बेअरिंगचे काम. पण खोल मऊ मातीही संथ गतीनेच हेलकावते. दोघांची गती जुळली तर फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. एका पुलावर यशस्वी ठरलेले बेअरिंग मातीचा अभ्यास न करता गोवंडीत आणून बसवता येत नाही.

नवी सामग्री किती उपयोगाची?

अमेरिकेतील सिअ‍ॅटलमध्ये २०१७ मध्ये एका महामार्गाच्या उतार पुलाच्या खांबांत निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या सळया आणि वाकणारे काँक्रीट वापरले गेले. ही सळई वाकल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. तंतू मिसळलेल्या काँक्रीटला एक मोठी भेग पडण्याऐवजी असंख्य बारीक भेगा पडतात. भूकंपानंतर पूल नुसता उभा न राहता लगेच वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. मात्र या मिश्रधातूची किंमत साध्या पोलादाच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे तो खांबाच्या टोकाशी, जिथे वाक सर्वाधिक असतो, तेवढ्याच भागात वापरला जातो.

वजन कमी करणे हाही एक उपाय आहे. पाटण्याच्या गंगेवरील महात्मा गांधी सेतूचा जर्जर काँक्रीटचा वरचा भाग काढून जुन्याच खांबांवर पोलादी सांगाडा बसवण्यात आला आणि २०२२ मध्ये ते काम पूर्ण झाले. मुख्य कारण जीर्णता हे होते. पण डेकचे वजन उतरले, की भूकंपात खांबांवर येणारा आडवा जोरही उतरतो.

तरीही नव्या सामग्रीच्या झगमगाटात एक साधी गोष्ट विसरता कामा नये. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात पूल पडल्यावर तिथल्या अभियंत्यांनी सर्वात आधी केलेले काम म्हणजे गर्डर एकमेकांना आणि खांबांना पोलादी दोरांनी बांधणे. जिथे टेकण्याची जागा अरुंद, तिथे ती रुंद करणे. ही कामे साधी आणि तुलनेने स्वस्त असतात, पण गर्डर घसरून पडण्याचा धोका त्यांनी बराच कमी होतो.

नियम काय सांगतात?

रस्त्यावरील पुलांच्या भूकंपरोधक रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ मध्ये एसपी ११४ ही स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यात खांबातल्या रिंगांची मांडणी, गर्डर टेकण्याची किमान रुंदी, घसरण रोखणारी साधने यांचे सविस्तर नियम आहेत. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूसारख्या पुलांना आधुनिक भूकंपीय अभ्यासाचा लाभ मिळतो. पण शहरातले बहुतेक उड्डाणपूल २०१८ च्या आधीचे आहेत.

याचा अर्थ ते धोकादायक आहेत, असा नाही. ते त्या त्या वेळच्या नियमांनी बांधले गेले. पण आजच्या कसोटीवर ते कुठे बसतात, हे मोजून पाहिल्याशिवाय कळणार नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग २०१८ मध्ये आणि सीएसएमटीजवळचा हिमालय पूल २०१९ मध्ये पडल्यानंतर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी रुळला. ऑडिटमध्ये मुख्यतः पुलाची आजची तब्येत पाहिली जाते, म्हणजे भेगा, गंज आणि भार पेलण्याची क्षमता. आडव्या झटक्यात काय होईल याचे गणित वेगळे असते. ते त्याच अहवालात आवर्जून मागवावे लागते.

मुंबईत हे करणे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि निम्मी वाट शहराने आधीच चाललेली आहे. २०२० मध्ये शीव उड्डाणपुलाचे बेअरिंग टप्प्याटप्प्याने वाहतूक बंद ठेवून बदलण्यात आले. २०२४ मध्ये अंधेरीचा बर्फीवाला उड्डाणपूल जॅक लावून एका बाजूने जवळपास १.४ मीटर उचलला गेला आणि गोखले पुलाच्या पातळीला आणला गेला. आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय यांचा सल्ला त्यासाठी घेण्यात आला होता. चालत्या शहरात पुलाचा डेक उचलणे, तो सुरक्षित खाली ठेवणे, रहदारी वळवणे हे कौशल्य इथे आहे.

खरी संधी इथेच आहे. बेअरिंगचे आयुष्य पुलापेक्षा बरेच कमी असते. प्रत्येक पुलाच्या आयुष्यात ते बदलण्याची वेळ एकदा तरी येतेच. त्या दिवशी डेक उचललेला असतो, खांबाचा माथा उघडा असतो, वाहतूक आधीच वळवलेली असते. टेकण्याची जागा मोजणे, ती वाढवणे, गर्डरला अटकाव बसवणे, जुन्याऐवजी धक्का जिरवणारे बेअरिंग योग्य आहे का ते तपासणे, ही सगळी कामे त्याच बंदमध्ये होऊ शकतात. लोकांना होणारा त्रास तोच राहतो, काम मात्र दुप्पट होते. नेमके जुन्यासारखेच बेअरिंग पुन्हा बसवून पूल सुरू केला, तर ही संधी पुन्हा अनेक वर्षांनीच येते.

मग सुरुवात कुठून?

पहिली गरज एका सामायिक नोंदवहीची आहे. मुंबईतले पूल महापालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि रेल्वे यांच्यात वाटलेले आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. पूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मूळ नकाशे, पाइलची खोली, माती परीक्षणाचे अहवाल सोबत जायला हवेत. ते नसतील तर बळकटीकरणाची सुरुवात शोधाशोधीनेच होते.

दुसरी गरज क्रम ठरवण्याची. सगळे पूल एकाच वेळी बळकट करण्याइतका पैसा कोणाकडेच नसतो. जमीन किती मऊ, रचना किती जुनी आणि पूल बंद पडल्यास पर्यायी वाट आहे का, या तीन प्रश्नांवरून यादी लावता येते. या कसोटीवर रुग्णालये, खाडीपूल आणि महामार्ग यांना जोडणारा गोवंडी-मानखुर्दचा पट्टा अभ्यासासाठी वरच्या क्रमांकावर यायला हवा. पूल नवे असतील, तर तो अभ्यास निश्चिंत करणारा ठरेल. तेही उपयोगाचेच.

तिसरी गरज वेळेची. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा कवच घातलेल्या खांबांनी चांगला टिकाव धरला. जे पूल पडले त्यात सँटा मोनिका फ्रीवेवरचे पूल होते. बळकटीकरणाच्या यादीत त्यांचे नाव होते, फक्त त्यांची पाळी आलेली नव्हती. यादी करणे ही पहिली पायरी आहे, पण पूल वाचतो तो प्रत्यक्ष कामाने.

मुंबई महापालिका आणि एमएमआरडीए यांनी यापुढे पुलाच्या दुरुस्तीची निविदा काढताना एक अट घालावी. बेअरिंग बदलायचे असेल किंवा मोठी दुरुस्ती असेल, तिथे २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार भूकंपीय तपासणी सक्तीची असावी आणि तिचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा. यासाठी नवे महामंडळ लागत नाही, वेगळा महाप्रकल्पही लागत नाही. गोवंडीच्या पुलाखाली रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावरचा गर्डर किती रुंद जागेवर टेकला आहे, हे माहीत असण्याचे कारण नाही. ज्यांच्या ताब्यात तो पूल आहे, त्यांना मात्र ते माहीत असायलाच हवे.